‘तब्येत सांभाळा’ म्हणतो तेव्हा नेमके काय सांभाळायचे?

‘तब्येत सांभाळा.’ फोन ठेवताना, गाडी सुटताना, सत्संगाहून निघताना आपण हे दोन शब्द सहज बोलून जातो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणाराही ‘हो, हो’ म्हणतो आणि विषय संपतो. पण ज्याचा आजार पूर्ण बरा होऊन संपणारा नाही, जो काही महिने शांत राहतो आणि मग न सांगता परत येतो, त्या माणसाच्या मनात हे दोन शब्द ऐकून एक प्रश्न उभा राहतो. सांभाळायचे म्हणजे काय? यातले माझ्या हातात किती आहे? आणि सगळे सांभाळूनही आजार उलटला, तर तो माझा दोष समजायचा का?

वाचकहो, हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही. आपण स्वतःकडे आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे कसे पाहतो, याचा तो प्रश्न आहे. मधुमेह, दमा, संधिवात, अर्धशिशी यांपैकी काही ना काही आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मी येथे आतड्याच्या एका दीर्घकाळच्या आजाराचे उदाहरण घेत आहे. एक तर तो मला जवळून माहीत आहे. दुसरे म्हणजे, शौचाशी संबंधित असल्यामुळे त्याविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही, आणि जे बोलले जात नाही ते माणसाला एकट्याने सोसावे लागते.

हा आजार कोणता?

वैद्यकात याला इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज किंवा थोडक्यात आयबीडी म्हणतात. म्हणजे आतड्याला सतत किंवा वारंवार होणारा दाह. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. क्रोन्स डिसीजमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या कोणत्याही भागात, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत, दाह होऊ शकतो. या दुसऱ्या प्रकाराचे सविस्तर वर्णन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली केले, म्हणून त्याला हे नाव. पुष्कळांना माहीत असलेला आयबीएस हा वेगळा त्रास आहे. त्यात आतड्याला असे व्रण पडत नाहीत.

लक्षणे साधी वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. पोटात मुरडा, दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागणे, शौचावाटे रक्त, वजन घटणे, अंगात रक्त कमी होणे, न जाणारा थकवा. काहींचे सांधे दुखतात, काहींचे डोळे लाल होतात. घरातले म्हणतात आव पडली असेल, शेजारी म्हणतात मूळव्याध असेल. भारतात आतड्याचा क्षयरोगही बराच आढळतो आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे अनुभवी डॉक्टरांनाही कधीकधी निदानाला वेळ लागतो. आजार बहुधा तरुणपणी, शिक्षणाच्या किंवा नोकरी लागण्याच्या वयात सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही. आज तरी त्याला कायमचा बरा करणारे औषध नाही, पण औषधांनी तो शांत ठेवता येतो आणि अनेक माणसे शिक्षण, नोकरी, संसार सगळे करतात.

माझ्या वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठच्या बराकपूरला राहतो. मी वाणिज्य शाखेत शिकते आणि उरलेल्या वेळात या संकेतस्थळासाठी अनुवादाची सेवा करते. एकोणिसाव्या वर्षी मला अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निदान झाले. त्याआधीचे काही महिने आव आणि मूळव्याध यांच्या उपचारांत गेले होते.

बंगालमध्ये पोटाविषयी बोलायला कोणी लाजत नाही. ‘आमाशा’, ‘अम्बल’ हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. पण शौचात रक्त जाते, हे वाक्य तिथेही खाली मान घालूनच सांगितले जाते.

आजार रोजच्या जगण्यात कुठे भेटतो, याचे एकच उदाहरण देते. बराकपूर ते सियालदह हे अंतर २३ किलोमीटर. टिटागढ, खडदह, सोदपूर, आगरपाडा, बेलघरिया, दमदम करत लोकल पाऊण तासाच्या आत-बाहेर पोचते. या लोकलमध्ये शौचालय नसते. निरोगी माणसाच्या ही गोष्ट वर्षानुवर्षे प्रवास करूनही लक्षात येत नाही. मधली स्थानके सोडून धावणाऱ्या गाडीला इथे ‘गॅलपिंग’ म्हणतात आणि सगळे तिच्यामागे धावतात. अचानक कळ येण्याची भीती असलेला माणूस मात्र प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी धरतो, कारण तिच्यातून मध्येच उतरता येते. बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त हळू जाणारा प्रवासी दिसतो.

कारण शोधण्याची घाई

अशा माणसाला तीन प्रकारची स्पष्टीकरणे ऐकावी लागतात. पहिले, ‘बाहेरचे खाल्ले असशील.’ दुसरे, ‘तू विचार फार करतेस.’ तिसरे बहुधा हळू आवाजात येते, ‘काहीतरी पूर्वकर्म असेल.’

पहिल्या दोनांविषयी वैद्यकाचे म्हणणे असे की, हा आजार एखाद्या पदार्थाने किंवा काळजीने होत नाही. आनुवंशिक घटक, शरीराची प्रतिकारयंत्रणा, आतड्यातले जीवजंतू आणि आजूबाजूची परिस्थिती यांच्या गुंतागुंतीतून तो होतो, आणि ही गुंतागुंत अजून पूर्ण उलगडलेली नाही. आजार जडल्यावर काही पदार्थ त्रास वाढवू शकतात, ताणही वाढवू शकतो, हे खरे. पण आगीत तेल पडणे वेगळे आणि आग लागणे वेगळे.

तिसऱ्या स्पष्टीकरणाविषयी मी वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून बोलते. हिशेबाच्या पहिल्या धड्यात आम्हाला शिकवतात की प्रत्येक नावे नोंदीसमोर एक जमा नोंद असते. कर्माचा विचार आपण पुष्कळदा याच पद्धतीने करतो. समोर दुःख दिसले की त्याची दुसरी बाजू शोधायला लागतो, कुठेतरी पाप असलेच पाहिजे असे धरून चालतो. पण पुढच्याच धड्यात दुसरा नियम येतो : व्हाउचर नसेल तर नोंद करता येत नाही. दुसऱ्याच्या गतजन्माचे व्हाउचर आपल्यापैकी कोणाजवळ आहे? ज्याचा पुरावा आपण पाहिलेला नाही, ती नोंद दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. कर्माचा सिद्धांत मला माझ्या आजच्या वागण्याविषयी जागे करण्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या खात्याचे लेखापरीक्षण करण्याचे काम त्याने आपल्याला दिलेले नाही.

बराकपूरला अन्नपूर्णेचे मंदिर आहे. राणी रासमणींच्या कन्या जगदंबा यांनी ते बांधले आणि १८७५ मध्ये त्याच्या प्रतिष्ठापनेला श्रीरामकृष्ण उपस्थित होते. ते दिसायला दक्षिणेश्वरच्या मंदिरासारखेच आहे. तिथे गेले की मला आठवते, श्रीरामकृष्णांना त्यांच्या अत्यंत उंच साधनेच्या काळानंतर आवेचा कडक त्रास झाल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. शेवटच्या वर्षात त्यांना घशाचा कर्करोग झाला. डॉ. महेंद्रलाल सरकार उपचार करत होते, आणि काशीपूरच्या उद्यानगृहात तरुण शिष्य आळीपाळीने रात्री जागून सेवा करत होते. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. आजार म्हणजे साधना कमी पडल्याची खूण असेल, तर हे सगळे कसे मांडायचे? शरीराला शरीराचे नियम लागू होतात. आणि ज्यांच्याभोवती इतके भक्त होते, त्यांनीही औषध घेतले, दुसऱ्यांच्या हातची शुश्रूषा स्वीकारली.

दोष नाही, पण काम आहे

‘आजार हा तुमचा दोष नाही’ हे ऐकून मन हलके होते. पण तेवढ्यावर थांबले तर माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो : ‘माझ्या हातात काहीच नाही, मग पथ्य कशाला आणि गोळी तरी कशाला?’ म्हणून दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. दोष मागे पाहतो आणि हे कोणामुळे झाले असे विचारतो. जबाबदारी पुढे पाहते आणि आता काय करायचे असे विचारते. वाटेत झाड पडले तर ते मी पाडलेले नसते, पण माझी वाट त्याच वाटेने जाते म्हणून बाजूला करायला हात मलाच लावावा लागतो.

या आजारात हा हात लावणे म्हणजे काय, ते सांगते. सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे बरे वाटत असतानाही औषध चालू ठेवणे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाइनसारखी औषधे आजार उलटू नये म्हणूनही दिली जातात. त्रास थांबला की गोळीचे महत्त्व मनातून उतरते, आणि ती मनानेच बंद केली की आजार परतण्याची शक्यता वाढते. स्टेरॉइड हे भडका विझवण्यासाठी थोड्या काळापुरते असते. ते अचानक थांबवणे धोक्याचे असते, डॉक्टर सांगतील तसेच कमी करत न्यावे लागते. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली काही वेदनाशामके, उदाहरणार्थ इब्युप्रोफेन, या आजारात त्रास वाढवू शकतात, म्हणून कोणतीही गोळी विचारूनच घ्यायची. क्रोन्सच्या रुग्णाने धूम्रपान सोडणे हाही उपचाराचाच भाग असतो.

दुसरे काम नोंदीचे. व्यापारी रोजकीर्द लिहितो, तशी एक छोटी वही. किती वेळा शौचाला झाले, रक्त होते का, काय खाल्ले, झोप किती झाली, वजन किती. दोन-तीन महिन्यांनी त्या वहीतून आपल्या शरीराची रीत दिसू लागते. एकाला दूध चालत नाही, दुसऱ्याला चालते. एकाला मसाला बाधतो, दुसऱ्याला कच्ची कोशिंबीर. सगळ्यांना लागू पडणारा एकच आहार या आजारात नाही. त्रासाच्या दिवसांत मऊ भात, मुगाचे पातळ वरण बहुतेकांना सोसते. बरे असताना उगाच सगळे सोडून दिले तर कुपोषण होते. गीतेने सांगितलेला युक्त आहार म्हणजे मोजका आहार असा अर्थ आपण करतो. माझ्या मते युक्त म्हणजे आपल्या शरीराला योग्य, आणि ते योग्य काय हे आधी शोधावे लागते.

तिसरे काम तरतुदीचे. हिशेबात संभाव्य बुडीत कर्जासाठी तरतूद करतात, ती कोणावर संशय आहे म्हणून नव्हे, असे घडू शकते म्हणून. पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, कागदी रुमाल, औषधे आणि वाटेतल्या कोणत्या स्थानकावर वापरण्याजोगे शौचालय आहे याची माहिती, ही तशीच तरतूद. ती असली की घराबाहेर पडण्याचे धैर्य येते.

चौथे काम म्हणजे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवणे : त्रास वाढू लागला तर मी काय करायचे, कोणते औषध किती वाढवायचे, कोणाला फोन करायचा आणि कोणत्या खुणा दिसल्या तर सरळ रुग्णालय गाठायचे. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तासह जुलाब आणि त्याबरोबर ताप किंवा वाढलेली नाडी असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नसतो. आजाराला साधारण आठ वर्षे झाली की मोठ्या आतड्याची दुर्बिणीने ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते, कारण दीर्घ दाहामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. हेही आधीच समजलेले बरे.

अशा ठरवलेल्या योजनेने खरेच फरक पडतो का? इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागातल्या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सुमारे २०० रुग्णांवर हे तपासले आणि २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांना डॉक्टरांनी समोर बसवून त्यांची स्वतःची उपचारयोजना तयार करून दिली; बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे चालू राहिले. योजना हाती असलेल्यांनी आजार उलटल्यावर सरासरी सुमारे १५ तासांत उपचार सुरू केले. इतरांना जवळपास ५० तास लागले. योजनेतल्या रुग्णांच्या रुग्णालयाच्या फेऱ्याही कमी झाल्या आणि त्यांची तब्येत त्यामुळे बिघडली नाही.

या अभ्यासात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन्ही गटांत आजार उलटतच होता. तो उलटणे कोणाच्या हातात नव्हते. त्यानंतरचे तास हातात होते. कर्मयोगात प्रयत्न आपला आणि फळ आपले नाही असे म्हणतात, ते ऐकून कधीकधी वाटते की मग प्रयत्नाला अर्थ काय. या ३५ तासांत तो अर्थ आहे. रक्त जात असलेल्या माणसाला ३५ तास म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

‘स्व’ या शब्दात कोण कोण येते?

इंग्रजीत या सगळ्याला जे म्हणतात त्याचा सरळ अनुवाद ‘स्वव्यवस्थापन’ असा होतो. अनुवाद करणारी म्हणून मला या शब्दाची थोडी धास्ती वाटते. व्यवस्थापन म्हटले की नियोजन आले, नियंत्रण आले आणि शेवटी निकाल आला. मग आजार उलटला की निकाल नापास. लोकांनी लावलेला दोष आपण दारातून बाहेर काढतो आणि तोच नवीन, शास्त्रीय कपडे घालून खिडकीतून आत येतो : ‘वही नीट लिहिली नसशील, ताण नीट हाताळला नसशील.’

रुग्ण स्वतःही स्वतःला असे म्हणतो, आणि त्यामागे एक कारण आहे. दोष पत्करणे असहायता पत्करण्यापेक्षा सोपे असते. ‘माझे चुकले’ म्हटले की निदान ते माझ्या हातात होते असे वाटते, पुढच्या वेळी चुकणार नाही अशी आशा राहते. ‘माझे काहीही चुकले नाही, तरीही आजार आला’ हे वाक्य फार उघडे, फार एकटे असते. त्या वाक्याजवळ शांत बसता येणे, ही मला साधनाच वाटते.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये आजाराने त्यांना पद सोडावे लागले. नव्या औषधाने बरे वाटल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्या देशाचे सर्वाधिक काळ राहिलेले पंतप्रधान ठरले. ऑगस्ट २०२० मध्ये आजार पुन्हा उलटला आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. उत्तम डॉक्टर, उत्तम सोयी, शिस्तीचे जीवन असूनही आजार उलटला. आपण त्यांना निष्काळजी म्हणणार का?

आता आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. बराकपूरला नदीकाठी गांधीघाट आहे. महात्माजींच्या अस्थींचा काही भाग जिथे विसर्जित झाला तिथे तो बांधला आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधीजींना हा आजार नव्हता. पण पोटाच्या आजाराशी आणि ‘माझे मीच पाहीन’ या आग्रहाशी त्यांचा मोठा झगडा झाला. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली होती. १९१८ मध्ये गुजरातेत नडियादला त्यांना आवेचा भयंकर आजार झाला. औषध त्यांनी नाकारले, दूध न घेण्याचे व्रत होते म्हणून दूधही नाकारले. प्रकृती इतकी खालावली की मृत्यू जवळ आल्यासारखे वाटले. हवापालटासाठी ते माथेरानला जाऊन आले. शेवटी मुंबईत डॉ. दलाल यांचा आग्रह आणि कस्तुरबांनी सुचवलेली वाट, यामुळे ते शेळीचे दूध घ्यायला तयार झाले. व्रताचे अक्षर पाळले पण भाव राहिला नाही, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही.

पुढे १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली. वादळी पावसात वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. ज्या सरकारने कैदेत ठेवले त्याच सरकारच्या डॉक्टरच्या हाती त्यांनी आपले शरीर दिले आणि तशी लेखी संमतीही दिली. या संमतीला त्यांनी नंतर मनाची दुर्बलता म्हटले. त्यांचा अधिकार मोठा आहे, तरी येथे मला नम्रपणे वेगळे वाटते. स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेणे नव्हे. आपल्या हाताला जे जमत नाही ते ओळखणे आणि ते ज्याला जमते त्याच्या हाती विश्वासाने देणे, हाही स्वतःला सांभाळण्याचाच भाग आहे. त्या रात्री कंदील धरणारा हातही त्या उपचारात सामील होता.

म्हणून अनुवादात मला ‘सांभाळणे’ हा आपला साधा शब्द बरा वाटतो. सांभाळणे म्हणजे जिंकणे नाही, ताब्यात ठेवणे नाही. आपण लहान मूल सांभाळतो, म्हातारे वडील सांभाळतो. मूल रात्री रडले म्हणून सांभाळणारा नापास होत नाही. तो उठतो आणि पुन्हा उचलून घेतो. आणि हा शब्द बहुतेक वेळा आपल्याला दुसरे कोणीतरी म्हणते. ‘तब्येत सांभाळ’ म्हणणारा माणूस त्या सांभाळण्यात थोडासा भागीदार झालेला असतो, किंवा व्हायला हवा.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी पुष्कळजण एखाद्या केंद्राशी, साप्ताहिक सत्संगाशी, सेवाकार्याशी जोडलेले आहेत. आपल्यात असा कोणी असण्याची शक्यता आहे ज्याने हे सांगितलेले नाही. त्याच्यासाठी करण्यासारख्या गोष्टी अगदी छोट्या आहेत.

कार्यक्रमाच्या ठिकाणी शौचालय कुठे आहे, हे सुरुवातीच्या सूचनांतच सगळ्यांना सांगावे. मग कोणाला विचारावे लागत नाही. ध्यानाच्या वेळी दाराजवळच्या दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात आणि मध्येच उठून जाणाऱ्याकडे वळून पाहू नये. त्याची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी नसते. त्याला फक्त बसता येत नसते.

प्रसाद नाकारला तर आग्रह करू नये. हात जोडून, कपाळाला लावून परत दिलेला प्रसादही स्वीकारलेलाच असतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तळलेले पदार्थ ज्याला सोसत नाहीत, त्याने मऊ भात खाल्ला तर त्याचा उपवास मोडला असे म्हणू नये. ज्याचा आजार भडकलेला आहे किंवा ज्याच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, हे आपल्यातल्या ज्येष्ठांनीच पुढे होऊन सांगावे. ज्येष्ठांनी सांगितले की तरुणांच्या मनातली अपराधाची भावना लवकर जाते.

‘हे चूर्ण घे, माझ्या भाच्याला लागू पडले’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. औषध सोडून फक्त प्राणायाम करायला तर कधीच सांगू नये. ध्यान आणि प्राणायाम मन शांत करतात, दुखणे सोसायला बळ देतात, झोप सुधारते. मी रोज करते. पण त्यांच्या नावावर कोणी आपली गोळी बंद केली आणि त्याला रुग्णालयात जावे लागले, तर त्यात आपल्या सल्ल्याचाही वाटा असतो. श्रद्धेने औषधाच्या शेजारी बसावे, त्याची जागा घेऊ नये.

आणि विचारायचेच असेल तर ‘कशामुळे झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कसे आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाकडे नाही. दुसऱ्याचे असते. ‘आज बरे नाही’ असे उत्तर आले, तर उपाय सुचवण्याची गरज नसते. डॉक्टरांकडे जाताना सोबत येणे, वर्गातल्या नोंदी पाठवणे, हळू गाडीतून त्याच्याबरोबर जाणे, एवढे पुरते.

ज्यांना स्वतःलाच हा किंवा असा आजार आहे, त्यांना एवढेच सांगेन. आपली वही लिहा, गोळी घ्या, योजना डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरातल्या एकाला तरी ती वाचून दाखवा. त्रास परत आला तर वहीत तशी नोंद करा. त्या पानावर आपल्या चारित्र्याविषयी काही लिहू नका, कारण त्याचे व्हाउचर तिथे नाही. मग योजनेतली पहिली ओळ वाचा आणि फोन उचला.